अमेरिकेत सहायक कोचने नियम मोडला तर मुख्य कोच अडकतो का?

एनसीएएच्या (तिथल्या विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सर्वात वरच्या गटात, हो, अडकतो. पूर्वी ‘मी नियम समजावले होते, लक्षही ठेवत होतो’ हे दाखवून त्याला सुटता यायचं. १ जानेवारी २०२३ पासून ती पळवाट बंद झाली. आता फार तर शिक्षा थोडी सौम्य होते.

म्हणून सरावाच्या तासांची नोंद आधी नीट ठेवा. हंगामात सराव आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आठवड्यात एक दिवस सुट्टी. सामना कितीही लांबो, हिशेबात ३ तासच.

खाण्याचे नियम तर एकेकाळी विनोदीच होते! विद्यापीठाने खेळाडूला कोरडा बेगल (कड्यासारखा गोल पाव) दिलेला चालायचा, क्रीम चीज लावलं की नियमभंग. ते प्रकरण २०१४ मध्ये मिटलं.

शंका आली की आधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणारं कार्यालय) ईमेल टाका; तोंडी परवानगी नको.