हेर, हेरणे आणि हेरगिरी

प्रश्न आला आहे की 'इंटेलिजन्स ॲनालिसिस'ला मराठीत हेरगिरी म्हणावं का, आणि धोक्याचं रूप बदललं की हे कामही बदलतं, ते कसं लिहावं.

हेरगिरी मुळीच म्हणू नये. बातम्यांमध्ये हा घोळ रोज कानावर पडतो आणि संताप येतो. चोरून माहिती आणणं ही हेरगिरी. आणलेल्या माहितीचा अर्थ लावणारा माणूस कचेरीत कागद घेऊन बसलेला असतो. राज्य गुप्तवार्ता विभाग नावाचं खातंच आहे, तेव्हा सरळ 'गुप्तवार्ता विश्लेषण' लिहा. माहिती आणणाऱ्यासाठी जासूद, नजरबाज, बातमीदार हे जुने शब्द आहेतच.

खरी गंमत 'हेर'मध्ये आहे. या शब्दाच्या मुळाशी गुप्तपणा नाहीच! नेपाळीत 'हेर्नु' म्हणजे आजही साधं पाहणं. हिंदीतलं जुनं 'हेरना' म्हणजे शोधणं, न्याहाळणं. जैन पंडित हेमचंद्राच्या 12व्या शतकातल्या संस्कृत कोशात 'हेरिक' (म्हणजे हेर) सापडतो, म्हणून काही जण 'हेर' हा त्याचा अपभ्रंश ठरवून मोकळे होतात. संस्कृत कोशात दिसला म्हणजे शब्द संस्कृतातून आला, ही खोड कधी जाणार? 'हेरिक' हे लोकभाषेतल्या शब्दाला चढवलेलं संस्कृत रूप असावं. भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश करणाऱ्या टर्नरनेही मूळ म्हणून 'हेरति' हे कल्पित, म्हणजे ग्रंथांत न सापडणारं, तर्काने बांधलेलं क्रियापदच मांडलं आहे.

मराठीने या पाहण्याला धार लावली. आपण संधी हेरतो, बाजारात शंभर बैलांतून एक हेरतो. पाहतात सगळे, हेरणारा नेमकं तेवढंच वेगळं काढतो. म्हणून माझं ठाम मत आहे की 'हेरणे' हे क्रियापद बातमी आणणाऱ्यापेक्षा विश्लेषकाला जास्त शोभतं. 'गुप्तहेर' असा जोडशब्द झाला, तो बहुधा नुसत्या 'हेर'मध्ये गुप्तपणा पुरेसा वाटला नाही म्हणून.

माहिती आणणं आणि तिचा अर्थ लावणं यांतला फरक कौटिल्याला कळला होता. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवावा, असं अर्थशास्त्र सांगतं. ओळखीच्या शत्रूसाठी नियम उत्तम आहे. नव्या तऱ्हेच्या धोक्याची मात्र सुरुवातीला एखादीच तुटक खबर असते, तिसऱ्याची वाट पाहायला वेळ नसतो. 1999च्या कारगिल युद्धानंतर त्याचा आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीने गुप्तचर यंत्रणांमधल्या समन्वयाच्या अभावावर बोट ठेवलं. 2001 मध्ये सगळ्यांची माहिती एकत्र आणण्यासाठी मल्टी एजन्सी सेंटर निघालं. तरीही 2008 मध्ये, समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना आधी आलेल्या असूनही, दहा दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. सूचना होत्या, पण त्यांतून नेमकं काय उचलायचं ते हेरलं गेलं नाही. त्यानंतर ते केंद्र चोवीस तास चालू लागलं.

तेव्हा 'हेरगिरीचे स्वरूप बदलले' असं लिहू नका. 'धोका बदलला, तसं काय हेरायचं तेही विश्लेषकांना नव्याने ठरवावं लागलं' असं लिहा.