मानवी हक्कांचे धोरण : मसुदा उसना चालेल का?

प्रश्न : चाकणला आमचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. कायम कामगार ऐंशी, ठेकेदाराचे दीडशे. जर्मनीतील ग्राहक कंपनीने आमचे ‘मानवी हक्क धोरण’ मागितले आहे. एका मोठ्या कंपनीचा बारा पानी इंग्रजी मसुदा हाती आला आहे. नाव बदलून तोच पाठवला तर चालेल का?
– मनुष्यबळ व्यवस्थापक, पुणे जिल्हा

उत्तर : पाठवता येईल, पण पहिल्याच तपासणीत तो उघडा पडेल. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ रोजी लागू झाल्यापासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडील जोखीम तपासावी लागते, आणि चांगला तपासनीस कागदावर न थांबता प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर, उभ्या असलेल्या माणसालाच विचारतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये मान्य केलेल्या, व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी सोळावे तत्त्व नेमके अशा धोरणाविषयी आहे : धोरणाच्या निवेदनाला सर्वोच्च पातळीची मंजुरी असावी, ते जाणकारांच्या सल्ल्याने तयार व्हावे, कर्मचारी आणि व्यावसायिक भागीदार यांच्याकडून काय अपेक्षित आहे हे त्यात असावे, ते जाहीर असावे आणि रोजच्या कार्यपद्धतीत उतरावे. मंजुरी संचालकांच्या एका बैठकीत मिळते. वेळ लागतो तो त्याआधीच्या कामाला. ठेकेदाराच्या दहा-बारा कामगारांसोबत, पर्यवेक्षकाला बाहेर ठेवून, बसा. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने मिळतात का, वेतनपावती हातात पडते का, कामावर घेताना कोणी आधार कार्ड ठेवून घेतले आहे का, हे विचारा. बालमजुरीबद्दलचे वाक्य प्रत्येक मसुद्यात असते. तुमच्याकडे बोटे जातात ती प्रेसवर, तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत वर हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा मूलभूत हक्कांत घेतली आहे. एवढे लिहायला दोन पाने पुरतात.

एका कारखान्यात अशा धोरणाचा फलक मी पाहिला आहे : इंग्रजीत, काचेच्या पेटीत, व्यवस्थापकांच्या केबिनबाहेर, जिथे ठेकेदाराचा कामगार कधी फिरकतही नाही. तुम्ही तो मराठीत आणि हिंदीत, कँटीनच्या दारापाशी लावा. खाली तक्रारीसाठी एका माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक द्या, आणि तो माणूस ठेकेदाराचा नसावा. शिफ्ट सुरू होताना धोरण वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येतेच असे नाही. जर्मनीला प्रत पाठवण्यापूर्वी ठेकेदाराच्या करारात तीच कलमे घालून त्याची सही घ्या; तपासनीस ती मागणारच.