तीन वर्षं प्रार्थना करूनही उत्तर नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

पत्नीच्या आजारासाठी तुम्ही तीन वर्षं रोज प्रार्थना करताय, आणि ‘विश्वास असता तर एव्हाना उत्तर मिळालं असतं’ असं ओळखीच्या विश्वासणाऱ्यांनी तुम्हाला ऐकवलं. आता गुडघे टेकावेसेही वाटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य माझ्या भावाच्या दारूच्या व्यसनावरून मलाही ऐकवलं गेलं होतं. ते किती खोल लागतं हे मला ठाऊक आहे. आणि ते पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही, असं माझं ठाम मत आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातली विधवा बघा. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, आणि तिच्या बाजूने बोलणारं कोणीही नाही. ती फक्त न्याय मागायला पुन्हा पुन्हा येत राहते. आपण हा दाखला वाचतो आणि नकळत देवालाच त्या न्यायाधीशाच्या जागी बसवतो. भंडावून सोडलं की तो नमेल, असं धरून चालतो. येशूचा रोख उलटा आहे: असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो, मग देव आपल्या निवडलेल्यांचं ऐकणार नाही का? शेवटी येशू विचारतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? निकाल आपल्या बाजूने लागेल याची त्या बाईला खात्री होती, असं कुठेही लिहिलेलं नाही. ती येत राहिली, एवढंच लिहिलंय. तीन वर्षं तुम्हीही तेच केलंत.

लूकच्या पहिल्या अध्यायातला मूलबाळ नसलेला याजक जखऱ्या तर मला फार जवळचा वाटतो. ‘तुझी विनंती ऐकण्यात आली आहे’ असं देवदूत सांगतो, तेव्हा तो आणि त्याची पत्नी अलीशिबा दोघंही म्हातारे झालेले असतात. त्याला ते खरंच वाटत नाही. बाळाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा बंद राहते, पण त्यांचा मुलगा योहान जन्माला येतोच. विश्वास मापून उत्तर मिळत असतं, तर त्या घरात पाळणा हलला नसता.

आता जड जाणारी गोष्ट. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, निघावी म्हणून तीनदा विनवलं, तेव्हा उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ तुमची पत्नी बरी होईलच, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. जो कोणी देतो, त्याच्या सांगण्यावरून औषधोपचार मात्र थांबवू नका.

भावासाठी प्रार्थना करण्याच्या सहाव्या वर्षी मी स्वतः चार महिने प्रार्थना सोडली होती. परत सुरुवात केली ती १३व्या स्तोत्राने. त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. कितीतरी दिवस मी तेवढंच म्हणायचो, आमेनसुद्धा न म्हणता उठायचो. देवाकडे तक्रार करणं हीदेखील प्रार्थनाच आहे, हे मला तेव्हा उमगलं. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

भाऊ आजही पितो. नऊ वर्षं झाली.

तुम्हाला एकच सुचवतो. विश्वासातल्या दोन-तीन माणसांना सांगा, ‘सध्या माझ्याच्याने होत नाही, माझ्या वतीने तुम्ही मागा.’ सल्ला देणारी माणसं नकोत, सोबत बसणारी हवीत. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणलं, छप्पर उघडून त्याला खाली सोडलं, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाला किती विश्वास होता, याची चौकशी त्याने केली नाही.

तुमच्या पत्नीचं नाव मला माहीत नाही. तरी आज रात्रीपासून मी तिच्यासाठी मागणार आहे, भावाच्या नावानंतर लगेच.