'चदाका'ला दान म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: भुकेल्यांना जेवण देण्याविषयीचा ज्यू धर्मविचार मराठीत आणताना 'त्सदाका' या हिब्रू शब्दाला 'दान' चालेल का?

आधी उच्चार. 'त्स'ची कसरत कशाला? आपल्या चटणीतला च घ्या, झालं. चदाका.

अर्थाला मात्र 'दान' अपुरं पडतं. या शब्दाच्या मुळाशी 'चेदेक' आहे, म्हणजे न्याय. (अरबी 'सदका' याच गोतावळ्यातला.) दान म्हटलं की देणाऱ्याला पुण्य आणि घेणारा मिंधा. इथे तसं नाही. ज्यू धर्मनियम असा: पीक कापताना शेताचा कोपरा सोडायचा, पेंढी विसरली तर आणायला माघारी फिरायचं नाही, गळालेली कणसं उचलायची नाहीत. ते सगळं गरिबांचं. कोपऱ्यातलं पीक अमक्यालाच मिळावं, असंही मालकाला म्हणता येत नाही. गळालेल्या कणसांना हिब्रूत 'लेकेत' म्हणतात, आणि त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: सरवा. मराठी बायबलातली रूथ ही गरीब विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवाच वेचते.

मिश्ना या जुन्या धर्मसंहितेतला हिशेब तर अगदी घरगुती. ज्याच्याकडे दोन जेवणांपुरतं आहे त्यानं रोजच्या सामुदायिक ताटातून घेऊ नये. 14 जेवणांपुरतं असेल तर आठवड्याला वाटायच्या मदतपेटीतूनही नको. दिवसाला दोन जेवणं धरलीत, हे लक्षात आलंच असेल. मागणाऱ्याची चौकशी करावी का, यावर तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात) वाद आहे, पण निवाडा असा: कपडे मागणाऱ्याची चौकशी करा, अन्न मागणाऱ्याची नको.

वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री 'जो भुकेला असेल त्यानं यावं, जेवावं' हे आवतण हिब्रूत नव्हे, अरामीत देतात. एके काळची ती लोकांची बोली. या विधीची पोथी, हग्गादा, 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मंडळींसाठी. अमेरिकेत 1985 साली 'माझोन' ही भूकविरोधी संस्था निघाली. माझोन म्हणजे अन्न. लग्नकार्याच्या खर्चातले तीन टक्के भुकेल्यांसाठी काढा, असं तिनं सुचवलं.

मग मराठीत काय लिहावं? 'धर्मादाय' जवळ जातो, पण त्याला आता कचेरीचा वास येतो. माझं मत 'देणं'ला. हा शब्द देण्यालाही चालतो आणि फेडायच्या बाकीलाही. पहिल्यांदा येईल तिथे 'चदाका, म्हणजे भुकेल्याचं आपल्याकडे असलेलं देणं' असं लिहा, पुढे नुसतं चदाका.