कंसातली ताई

प्रिय बार्शीकर,

तुझं पत्र दोन पानी. लहानपणावर अठरा मिनिटांचा लघुपट केलास, महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यातला छोटा मुलगा रोज रात्री गुत्त्यावरून बापाला धरून घरी आणतो. तो बघितल्यापासून बाबा बोलत नाहीत, आई म्हणते घरची अब्रू वेशीवर टांगलीस. आता यूट्यूबवर टाकावा की नाही, हा तुझा प्रश्न.

बाबांचा राग बाबांपाशी राहू दे. दारू त्यांनी चारचौघांत प्यायली, सगळ्या गल्लीने बघितली. तू कुठलं गुपित फोडलंस? आईचंही तेच. अब्रूची काळजी तेव्हा करायची होती.

मी अडकले ती दुसऱ्या पानावरच्या कंसात. ‘(खरं तर आणायला ताई जायची, मी जागाच असायचो. पण दोन मुलं दाखवली की गोष्ट पसरते.)’ एवढं लिहून तू लगेच कॅमेऱ्याच्या भाड्याकडे वळलास!

अरे, पसरू द्यायची होती की. रात्री गुत्त्यासमोर मुलगा उभा राहिला तर लोक ‘बिचारा’ म्हणतात. वयात येणारी मुलगी उभी राहिली तर काय काय म्हणतात, हे बार्शीत वाढलेल्या तुला मी सांगायला नको. ते सगळं ऐकून ती बापाला घरी आणायची. आणि पडद्यावर टाळ्या कुणाला? अंथरुणात जागा पडून राहणाऱ्याला.

नागराज मंजुळेंचा ‘पावसाचा निबंध’ बघून तुला हे सुचलं, असं म्हणतोस. त्या लघुपटाच्या दिग्दर्शनाला 2018 साली जाहीर झालेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मुलाला शूर दाखवल्याबद्दल नव्हे. शाळेतून पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि इकडे बाप दारू पिऊन पडलाय, घरी छप्पर गळतंय. पोराची जी फजिती आहे, ती तशीच ठेवली आहे. तुझी फजिती कुठे गेली? आपण उठलो नाही, ही लाज तुझ्याकडे होती, आणि खरा लघुपट तिथेच होता. तू ताईचं काम स्वतःच्या नावावर करून ती लाज मिटवून टाकलीस.

बरं, ताई लातूरला दिलेली आणि तिने अजून लघुपट पाहिलेला नाही, हेही तू जाता जाताच सांगतोस. आईबाबांना दाखवलास, परीक्षकांना दाखवलास, मित्रांना लिंका पाठवल्यास. तिला का नाही, ते तुला पक्कं ठाऊक आहे.

या रविवारी लातूरची एसटी पकड. फोनवर सांगू नकोस, लिंक तर मुळीच पाठवू नकोस. लॅपटॉप घेऊन जा, भाऊजी आणि मुलं नसतील अशा वेळी तिच्याशेजारी बसून अठरा मिनिटं दाखव. मधे ‘सिनेमात असं करावं लागतं’ वगैरे बोलायचं नाही. संपल्यावर ती काय म्हणते ते ऐक. रडली, चिडली, की उठून चहा टाकायला गेली, तरी तू बसून राहा. ती ‘टाकू नकोस’ म्हणाली तर टाकायचा नाही. ‘टाक’ म्हणाली तर आईबाबांना विचारायची गरज नाही.

— तुझी मावशी