सातबाऱ्यावरचं उरण

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

उरणवरची तुझी पंधरा पानं वाचली. पहिलंच वाक्य लाल पेनाने खोडलंय, राग मानू नकोस. 'सिडको येण्यापूर्वी हा भाग ओसाड होता.' अरे, तुझी आजी मिठागरावर पाट्या वाहायची असं तूच सांगितलं होतंस ना? मग ते ओसाड रान कसं?

नवी मुंबई वसवायला 1970 साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं नव्या शहराच्या आराखड्यात गेली. हे सगळं बरोबर. पण सुरुवातच तिथून केलीस, म्हणून पुढची चौदा पानं नुसत्या भूसंपादनाची झाली. त्याच्या चाळीस वर्षं आधीचं चिरनेर तुझ्याकडे एका ओळीत उरकलंय. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. हे आठही जण एका गावचे नव्हते. कोप्रोली, दिघोडे, मोठी जुई अशा गावांतून माणसं डोंगर चढून गेली होती. त्या गावांमध्ये जा. एकट्या चिरनेरच्या स्मारकाचा फोटो काढून परत येऊ नकोस.

म्हाताऱ्या माणसांना 'कोणत्या साली?' असं विचारू नकोस. मी तीच चूक केली होती. एका आजींच्या लग्नाचं साल मी त्यांच्या वयावरून हिशेब मांडून 1948 लिहिलं आणि ऐटीत वाचून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "न्हाय रं, रामदास बुरली ना, तिच्या आदल्या शिमग्याला." रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि 17 जुलै 1947 ला बुडाली, आखाडी आवसेला, सहाशेहून अधिक माणसं गेली. म्हणजे लग्न 1947 च्या शिमग्यातलं. माझ्या हिशेबापेक्षा बाईंचं कॅलेंडर पक्कं निघालं. तेव्हापासून मी आधी बोट विचारतो, उधाण विचारतो, कुठला बांध फुटला होता ते विचारतो, आणि साल घरी येऊन काढतो.

आता कागद. कुठल्याही एका शेताचा जुना सातबारा आणि त्यावर नंबर टाकलेले सगळे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढ. तलाठ्याकडे खेटे घालावे लागतील, घाल. सुरुवातीला मालक म्हणून भलत्याच कुणाचं नाव दिसेल आणि कसणारा कुळ म्हणून इतर हक्कांत. मग कसणाऱ्या कुळाला मालक करणारा कुळकायदा येतो. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्यानंतर कलम 32ग खाली किंमत ठरते, हप्ते भरले जातात आणि एकदाचं कुळाचं नाव मालकाच्या जागी चढतं. आणि त्याच सातबाऱ्यावर थोड्याच वर्षांत संपादनाची नोंद! पिढ्यान्पिढ्या राबून मिळालेली मालकी कित्येक घरांत पंधरा वर्षंसुद्धा टिकली नाही. सिडकोच्या भूसंपादनावरून पेटलेला जासईचा लढा मला या नोंदी वाचल्यावर खरा कळला. 16 आणि 17 जानेवारी 1984 चा गोळीबार, पाच हुतात्मे, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना. हे तू नीट लिहिलंयस, तिथे मी पेन लावलेलं नाही. फक्त ते 32ग च्या नोंदींनंतर येऊ दे. ज्याचे हप्ते नुकतेच फिटलेत तो जमीन सोडताना का चिडतो, हे वाचणाऱ्याला वेगळं समजावावं लागणार नाही.

एक किरकोळ पण कामाची गोष्ट: जुन्या दप्तरात 'रायगड' शोधत बसू नकोस, 'कुलाबा' शोध. जिल्ह्याचं नाव 1981 ला बदललं. माझा एक विद्यार्थी अख्खा दिवस चुकीच्या कपाटासमोर बसून आला होता. (तो आता वकील आहे, त्यामुळे नाव सांगत नाही.)

मिठागरांवर तू दीड परिच्छेद लिहिलास, आणि तोही पुस्तकी. उधाणाचं पाणी आगरात कसं घ्यायचे, मीठ कोण ओढायचं, मजुरी पाटीवर होती की दिवसावर, अनवाणी पायांचं काय व्हायचं, हे आजीला विचार. तिच्या तळव्यांचा फोटो काढू देते का बघ, नाही म्हणाली तर सोडून दे.

येत्या रविवारी नेरुळहून उरण लोकल पकडू. मी सीवूड्सला चढेन. तो सातबारा घेऊन ये, आणि भिंग असेल तर तेही. फेरफारावरचं मोडीसारखं अक्षर आता मला चष्म्यानेही लागत नाही.

तुझा,
सर