काढलं नाही, फक्त कळवलं नाही

"मंडळातून मला कुणी काढलं नाही हो ताई. फक्त वार बदलला आणि मला कळवलं नाही."

पहिल्याच भेटीत काकू एवढं बोलल्या आणि पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. वहीत त्यांनी स्वतःच्या चुका लिहून आणल्या होत्या. एकूण 17. एकादशीच्या खिचडीत मीठ जास्त पडलं होतं, कुणाच्या तरी अभंगाची चाल मधेच दुरुस्त केली होती, एकदा प्रसादाला उशीर झाला होता. महिनाभर रात्री दोन-अडीचला जाग येत होती आणि जाग आली की वही भरत होती.

(त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सोसायटीतलं 14 बायकांचं हरिपाठ मंडळ, दर बुधवारी संध्याकाळी सहाला. काकू 11 वर्षं त्यात होत्या. पेटी त्यांच्याच घरी असायची. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा गळा खडा, लहानपणी वडिलांबरोबर दिंडीत चाललेल्या, हरिपाठ तोंडपाठ. एका बुधवारी काकू त्यांना घेऊन गेल्या. त्यांनी अभंग उचलला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. गाण्याला कुणाची हरकत नव्हतीच.

पण हरिपाठ संपला की सगळ्या एकमेकींच्या पाया पडतात. समोरची माउली, मग ती लहान असो की थोर. नेमक्या त्या वेळी दोघी पाणी प्यायला उठल्या. पुढच्या बुधवारी चौघी उठल्या. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, जागा अपुरी पडते, मंडळ सोसायटीपुरतंच ठेवू या. काकूंनी खाली लिहिलं, "चोखोबांच्या समाधीपुढे डोकं टेकवूनच आपण आत जातो ना?" त्यावर कुणीही काही लिहिलं नाही. तो त्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज. हरिपाठ आता गुरुवारी, दुसऱ्या विंगमध्ये होतो, हे काकूंना वॉचमनकडून कळलं.

पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. आणि ते मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तिथे उपोषणाला बसावं लागलं, चोखोबांनंतर 600 वर्षांनी. मंडळातल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. त्या वाईट बायका नाहीत, हे काकू मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि ते खरंच असावं. पण चोखोबांपुढे वाकणं वेगळं आणि रोज भांडी-पोळ्या करणाऱ्या बाईपुढे वाकणं वेगळं, असं त्यांच्या गुडघ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझ्याकडे असे प्रश्न बरेच येतात. सत्संग असतो, ध्यानाचा वर्ग असतो, पारायणाचा गट असतो. माणसं 15-20, ओळख घरच्यासारखी. सगळ्यांचा प्रश्न एकच, "माझं काय चुकलं?" कुणी तोंडावर 'येऊ नका' म्हटलं तर निदान राग धरायला जागा असते. न कळवता वगळलं की ती जागाच राहत नाही, मग माणूस स्वतःलाच उलटंपालटं करून तपासत बसतो. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ केला होता. अनोळखी लोकांनी काही मिनिटं आपल्याकडे चेंडू टाकला नाही, एवढ्यानेसुद्धा माणसं मनातून खचलेली त्यांना दिसली. इथे तर 11 वर्षांचे बुधवार होते. म्हणून 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं मी कुणालाच म्हणत नाही.

काकू दर बुधवारी सहाला तो बंद पडलेला ग्रुप उघडून बघायच्या. मी त्यांना एकच काम दिलं. मंडळातल्या ज्या बाई खरं बोलतील असं वाटतं, त्यांना फोन करायचा आणि दोनच वाक्यं बोलायची, "हरिपाठ आता कुठे होतो? मी आले तर चालेल का?" सफाई द्यायची नाही, चोखोबा काढायचे नाहीत. ही दोन वाक्यं उच्चारायला त्यांना तीन आठवडे लागले. दोनदा फोन लावून कापला.

उत्तर आलं, "काकू, तुम्ही या ना. फक्त एकट्या या."

त्या दिवशी त्या माझ्यासमोर खूप रडल्या, पण वही आणली नव्हती. 17 चुकांपैकी एकीचाही संबंध नव्हता, हे पहिल्यांदाच त्यांच्या कानावर पडलं होतं. गुरुवारी जायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. मी त्यात काही बोलले नाही. दुसरी एखादी गेली असती, तर तिलाही मी अडवलं नसतं. साठीनंतर 13 मैत्रिणी एकदम सोडणं सोपं नसतं.

कुणालाच कधी बाजूला करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. गटात कुणी पैशांची अफरातफर करत असेल, कुणाच्या अंगचटीला येत असेल, तर त्याला थांबवायलाच हवं. पण ते समोर बसवून, कारण सांगून. वार बदलून नव्हे.

काहीजण कायद्याचं विचारतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. जात-समाजाने वाळीत टाकलं असेल, लग्न-मयत अडवलं असेल, तर जरूर वकिलाला भेटा, पोलिसांत जा. हरिपाठाच्या ग्रुपचं दुखणं बहुधा त्यात बसत नाही आणि काकूंना ते तिथे न्यायचंही नव्हतं. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांकही आहे.

चौथ्या भेटीत काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यात एक जण होती. तिचे मिस्टर गेले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही तिला बोलावलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. मग ती हरिपाठालाही यायची बंद झाली. आठ वर्षं झाली. मी एकदाही विचारलं नाही."

हे मी त्यांना विचारलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच दिसलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या बाईंना फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "आज कशी आठवण झाली?" आणि काकूंनी, सफाई न देता, सांगितलं.

आता बुधवारी काकूंच्या घरी तिघी बसतात. पखवाज नाही, टाळांच्या दोनच जोड्या. स्वयंपाकाच्या ताईंना पुढच्या कामावर जायचं असतं, म्हणून कधी कधी हरिपाठ जरा घाईत होतो. पाया पडणं मात्र घाईत होत नाही, असं काकू सांगतात.

गुरुवारी दुसऱ्या विंगमधून टाळांचा आवाज येतो, तेव्हा त्यांच्या पोटात अजून तुटतं. तो जुना ग्रुपही त्यांनी सोडलेला नाही. मी सोडायला सांगितलेलं नाही.